स्टेशन केंद्राचं, मग पैसे राज्याने का द्यायचे?

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की सातारा-सांगलीकडे निवेदनांचा हंगाम सुरू होतो. अमुक स्टेशनवर शेड द्या, तमुक एक्स्प्रेसला थांबा द्या, प्लॅटफॉर्मची उंची वाढवा. निवेदन खासदारांना जातं, एक प्रत पालकमंत्र्यांना आणि एक पुण्याला, विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयात. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच, "केंद्राला जमत नसेल तर राज्याने निधी द्यावा की!" शेजारचा लगेच अडवतो, "रेल्वे केंद्राची. राज्याचा पैसा तिथे लावता येतो होय?"

लावता येतो. बऱ्याच ठिकाणी लावलाही जातो. पण त्या पैशातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, यात खरी मेख आहे. ती कळली नाही, तर गावाला कमान मिळते आणि गाडी मात्र पूर्वीसारखीच धुरळा उडवत निघून जाते.

रेल्वे नक्की कुणाची?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत कोणता विषय कुणाचा याच्या याद्या आहेत. रेल्वे केंद्राच्या यादीत आहे, २२ व्या क्रमांकावर. म्हणजे रेल्वेबद्दल कायदा करायचा, भाडं ठरवायचं, गाड्या चालवायच्या, हे सगळं केंद्राचं काम. पण त्याच संविधानात कलम २८२ आहे. एखाद्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार नसला, तरी सार्वजनिक हेतूसाठी राज्य त्यावर अनुदान देऊ शकतं, असं ते सांगतं. तेव्हा राज्याने रेल्वेवर खर्च करणं ही पळवाट नव्हे, ती सरळ मोकळी ठेवलेली वाट आहे.

केंद्राच्या बाजूने पाहिलं, तर १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जायचा. २०१७ मध्ये तो मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. आता स्टेशनांच्या शेड, बाकडी, पाणी, संडास यांचा पैसा रेल्वेच्या तरतुदीतल्या 'प्रवासी सुविधा' या शीर्षाखाली येतो. त्याच्यासाठी देशभरातली सात हजारांहून जास्त स्टेशनं हात पसरून उभी असतात.

आणि आपल्या भागाला स्थानिक तिजोरीतून रेल्वे आणणं मुळीच नवीन नाही. मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ मध्ये सुरू झाली ती कोल्हापूर संस्थानाच्या पैशाने. मिरज-सांगली हा छोटासा फाटा १९०७ मध्ये आला, तो सांगली संस्थानाचा. तेव्हाच्या दरबारांनी जो हिशेब केला, तोच आज मंत्रिमंडळ करतं: गाडी आपल्या हद्दीतून गेली तर व्यापार येतो. हिशेब खोटाही नव्हता. कुंडल रोड नावाच्या एका साध्या स्टेशनशेजारी १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर कारखाना उभा राहिला. पुढे त्या स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं, आणि आज तिथे पुणे-कोल्हापूर वंदे भारत थांबते. भिलवडीचं दूधही पुणे-मिरज लाईनीमुळेच पुण्या-मुंबईला पोचायला लागलं.

राज्याचा पैसा सध्या कुठे कुठे जातो?

सगळ्यात मोठा वाटा नव्या मार्गांवर. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग, त्याचा अर्धा खर्च महाराष्ट्राचा. वर्धा-यवतमाळ-नांदेड २८४ किलोमीटर, त्यात राज्याचे ४० टक्के. आपल्या सातारा जिल्ह्यातून निघणारा फलटण-पंढरपूर हा १०५ किलोमीटरचा प्रस्तावित मार्ग आहे, त्यालाही राज्याच्या निम्म्या वाट्याची अट आहे. मिरजेहून बेळगावकडे जाताना कुडची लागतं. तिथून बागलकोटला जाणाऱ्या मार्गासाठी कर्नाटकाने अर्धा खर्च उचलला, वर जमीनही फुकट दिली.

मुंबईत हा प्रकार अगदी रुळलेला आहे. लोकल मार्गांची कामं करणाऱ्या रेल्वे विकास महामंडळात केंद्राचा वाटा ५१ आणि राज्याचा ४९ टक्के. बेलापूर-उरण मार्गाचा ६७ टक्के खर्च तर सिडको या राज्याच्याच महामंडळाने उचलला. फाटकांच्या जागी उड्डाणपूल बांधायचे असतील, तरी रेल्वे आणि राज्य खर्च वाटून घेतात. त्यासाठी महारेल नावाची दोघांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनीच आहे.

पण छोट्या गावच्या स्टेशनशी थेट जुळणारं उदाहरण घाटाखाली आहे. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने २०२३ मध्ये कोकण रेल्वेशी करार केला आणि कोलाडपासून सावंतवाडीपर्यंतच्या १२ स्थानकांचं सुशोभीकरण हाती घेतलं. दर्शनी भाग, पोर्च, समोरचं आवार, स्टेशनला येणारे रस्ते. (कोकण रेल्वे हे महामंडळ आहे आणि स्थापनेच्या वेळी त्यात महाराष्ट्राचे २२ टक्के भाग होते, त्यामुळे तिथे राज्याचा पाय आधीपासूनच आत होता.) स्थानकं दिसायला खरोखर देखणी झाली. पण कामाचा रोख स्टेशनच्या तोंडाकडे होता. किती गाड्या थांबतील, हा प्रश्न त्यात नव्हता.

याउलट पुणे-मिरज दुहेरीकरण आणि विद्युतीकरण ही कामं रेल्वेची. लोणंद स्टेशनचं नवं रूप 'अमृत भारत' योजनेतलं, म्हणजे तेही केंद्राच्या पैशाचं. पंतप्रधानांनी २२ मे २०२५ रोजी देशातल्या १०३ स्थानकांचं उद्घाटन केलं, त्यात लोणंद होतं. योजनेच्या यादीत तेराशेहून जास्त स्थानकं आहेत. कराड आणि सांगली आहेत. ज्या स्टेशनवर दिवसाला जेमतेम शंभर तिकिटं फाटतात, त्याचा नंबर अशा यादीत लागणं अवघडच.

छोटं स्टेशन म्हणजे किती छोटं?

रेल्वे स्टेशनांची प्रतवारी प्रवासी आणि उत्पन्न पाहून करते. उपनगरी सोडून बाकीच्या स्टेशनांच्या १ ते ६ अशा पायऱ्या आहेत. सहावी सगळ्यात खालची, वर्षाला एक कोटीपर्यंत उत्पन्न आणि दहा लाखांपर्यंत प्रवासी. त्याच्याही खाली हॉल्ट. हॉल्ट म्हणजे जिथे गाडी फक्त माणसांसाठी थांबते. सिग्नल, पॉइंट, क्रॉसिंग असं गाड्या चालवण्याचं काही काम तिथे नसतं. पुष्कळ हॉल्टवर रेल्वेचा नोकरही नसतो, गावातलाच कुणी एजंट कमिशनवर तिकिटं विकतो.

ही प्रत महत्त्वाची, कारण कोणत्या सुविधा 'किमान आवश्यक' हे तिच्यावरून ठरतं. तुमच्या गावाला पादचारी पूल मिळत नाही, त्यात दर वेळी कुणाचा आकस असतो असं नाही. बऱ्याचदा त्या प्रतीच्या रकान्यात पूल नसतोच.

प्लॅटफॉर्मच्या उंचीचंही तसंच. उंच प्लॅटफॉर्म रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो, मधला साधारण ४५५, आणि काही ठिकाणी तर रुळाच्याच पातळीवर नुसता मुरूम टाकलेला. या तिसऱ्या प्रकारात काय होतं, ते पॅसेंजरला चढणारी एखादी आजी पाहिली की कळतं. डब्याची पायरी तिच्या गुडघ्याच्या वर. आधी पिशवी आत सरकवायची, मग बांगड्या सांभाळत दोन्ही हातांनी दांडी धरायची, वरून नातू ओढणार, खालून अनोळखी माणूस "चला आज्जी, चला" म्हणत आधार देणार. तोवर गार्डची शिट्टी. अशा स्टेशनला आधी काय हवं हे सांगायला सल्लागार कंपनी लागत नाही, आणि ते काम पोर्चपेक्षा कमी फोटोजेनिक आहे म्हणून मागे पडतं, असा माझा आपला संशय आहे.

पैसे रेल्वेपर्यंत पोचतात कसे?

समजा, राज्याने ठरवलं की अमुक स्टेशनला दोन कोटी द्यायचे. ते थेट ठेकेदाराला देता येत नाहीत, कारण जागा रेल्वेची. रूढ मार्ग म्हणजे 'डिपॉझिट वर्क'. रेल्वे अंदाजपत्रक काढते, त्यात आपलं देखरेख शुल्क मिळवते, राज्य रक्कम आधी जमा करतं, मग रेल्वे काम करते. राज्याच्या बाजूने मंत्रिमंडळाचा किंवा विभागाचा निर्णय लागतो, मग गृह (परिवहन) खात्याचा शासन निर्णय, अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा रकमांत) तरतूद, आणि हप्त्याहप्त्याने वितरण. पहिल्या हप्त्याचा खर्च झाल्याचा दाखला गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही. कामं रखडतात ती बहुतेक याच सांध्यात.

आणि काम पूर्ण झाल्यावर मालकी रेल्वेची. भावाच्या सातबाऱ्यावरच्या रानात आपल्या पैशाने विहीर पाडावी, तसा हा व्यवहार आहे. पाणी दोघांना लागेल हे खरं, कष्ट-पैसा आपला हेही खरं, पण मोटरचा स्टार्टर त्याच्या खोपीत. तो कधी चालू करायचा हे तोच ठरवणार. म्हणून शहाणा माणूस विहीर पाडायच्या आधीच पाळीपाळीचं लिहून घेतो.

खर्च वाढला तर? भागीदारीच्या प्रकल्पात वाढीचाही वाटा पडतो. बीडचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला तेव्हा अंदाज काही शे कोटींचा होता, तो पुढे काही हजार कोटींवर गेला. बीडपर्यंत गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. या तीस वर्षांत निम्मा वाटा म्हणजे किती, हा आकडा राज्यासाठी सारखा पळत राहिला. एका स्टेशनच्या कामात इतकी उडी बसत नाही, पण नियम तोच.

इमारत एकदाच, थांबा रोजचा

माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्यापाशी येतं. स्टेशनची इमारत हा एकदाचा खर्च आहे. गाडीचा थांबा हा रोजचा खर्च आहे, आणि राज्याचा सध्याचा पैसा फक्त पहिल्याला लागू होतो.

दोन मिनिटांच्या थांब्याला रेल्वेच्या लेखी दोनच मिनिटं लागत नाहीत. शंभरच्या वेगातली गाडी आधी हळू करायची, नंतर पुन्हा वेग पकडायचा, त्यात बरीच जास्त मिनिटं जातात, वीज जाते, आणि मागच्या गाडीची वाट अडते. त्यातून तिकिटाचं उत्पन्न किती? एके काळी आपल्या तिकिटावरच छापलेलं असायचं की रेल्वे प्रवासखर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल करते. उरलेली भर मालगाड्यांच्या कमाईतून. म्हणून नवा थांबा बहुधा आधी 'प्रायोगिक' म्हणून मिळतो, सहा महिने वगैरे, आणि तिकिटविक्री पाहून तो ठेवायचा की काढायचा हे ठरतं.

थांबा किंवा गाडी काढून घेणं किती सोपं असतं, ते कोविडमध्ये आपण पाहिलं. पॅसेंजर बंद पडल्या, परतल्या तेव्हा भाडं एक्स्प्रेसचं लागलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कुठे ते पुन्हा साधं झालं. सह्याद्री एक्स्प्रेस बंद झाली ती २०२३ च्या नोव्हेंबरात परतली, तीही मुंबईला न जाता पुण्यापर्यंतच. या काळात एकाही स्टेशनची भिंत पडली नव्हती, सगळी जागच्या जागी उभी होती.

मग राज्याने गाडी चालवण्याचाच खर्च दिला तर? आपल्याकडे ती पद्धत नाही, पण अमेरिकेत आहे. तिथल्या संसदेने २००८ मध्ये कायदा केला आणि ऑक्टोबर २०१३ पासून ७५० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे १२०० किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या बहुतेक गाड्यांचा तोटा संबंधित राज्यांवर टाकला. अॅमट्रॅक ही राष्ट्रीय कंपनी गाडी चालवते, राज्य बिल भरतं. फायदा असा की बिल भरणाऱ्याला वेळापत्रकात बोलता येतं. कोणत्या गावी गाडी कधी यावी, यावर राज्याचं म्हणणं चालतं. तोटाही तितकाच रोकडा. इंडियाना राज्याने हात आखडता घेतला आणि इंडियानापोलिस-शिकागो धावणारी हूझियर स्टेट ही गाडी ३० जून २०१९ ला कायमची थांबली. वाटेतल्या क्रॉफर्ड्सविलसारख्या छोट्या गावाला मग आठवड्यातून तीन दिवस जाणारी एक लांब पल्ल्याची गाडी तेवढी उरली.

आपल्याला ती पद्धत जशीच्या तशी नको, असं मला वाटतं. महाराष्ट्राच्या तिजोरीवर आधीच इतकी ओझी आहेत की पहिल्याच आर्थिक चणचणीत गाडीवर कुऱ्हाड येईल. पण तिथली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: पैशासोबत थांब्याची बोलणी. राज्य दोन कोटी देणार असेल तर करारात लिहावं की या स्टेशनवर अमुक गाड्या किमान अमुक वर्षं थांबतील, आणि काढायच्या असतील तर आधी राज्याला विचारावं लागेल. रेल्वे सहजी कबूल होणार नाही. पण मागायलाच नको का? दुहेरी लाईनीवर समोरच्या गाडीसाठी क्रॉसिंगला ताटकळणं उरत नाही, त्यामुळे 'वेळापत्रकात जागा नाही' हे जुनं उत्तरही आता पूर्वीइतकं वजनदार राहिलेलं नाही.

"पण आपण केंद्राला कर भरतोच की!"

हा आक्षेप तत्त्वाने बरोबर आहे. महाराष्ट्रातून केंद्राला मोठा कर जातो आणि स्टेशन ही केंद्राची जबाबदारी. राज्याने एकदा खिशात हात घातला की पुढच्या प्रत्येक कामाला "तुमचा वाटा किती?" असं विचारलं जातं, ही भीतीही खरी. नव्या मार्गांचं तेच झालंय. दुसरी अडचण न्यायाची आहे: पैसेवाली राज्यं आपली स्टेशनं पुढे रेटतील आणि गरीब राज्यांतली रांगेत राहतील. या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल की छोट्या स्टेशनचा नंबर प्रतवारीच्या हिशेबाने कधीच लागणार नसेल, तर तत्त्व सांभाळून बसण्याची किंमत त्या पायरीवर लटकणारी आजीच देते.

"त्यापेक्षा एसटीला द्या"

हा आक्षेप जास्त भारी आहे, कारण एसटी राज्याची स्वतःची. तिला दिलेला रुपया कुठे गेला हे विधानसभेत विचारता येतं. एसटी गावात आत जाते, रेल्वे जात नाही.

पण इथेच दोन्ही प्रश्नांची गाठ पडते. साताऱ्याचं स्टेशन शहरात नाही, माहुलीला आहे. कराडचं ओगलेवाडीला. रात्री-अपरात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस गाठायची तर रिक्षावाला जे मागेल ते द्यायचं, आणि कित्येकदा ते कराड-सांगलीच्या जनरल तिकिटापेक्षा जास्त भरतं. स्टेशनपर्यंतचा रस्ता, त्यावरचे दिवे, गाडीच्या वेळेला सुटणारी बस, थांब्याची शेड. यातलं बरंचसं रेल्वेच्या हद्दीबाहेर आहे. त्याला डिपॉझिट वर्क नको, दिल्लीची परवानगी नको, मालकीही राज्याची किंवा नगरपालिकेची राहते. राज्याला स्टेशनवर पहिला रुपया घालायचाच असेल तर तो फाटकाच्या बाहेर घालावा. बस भरून माणसं स्टेशनला यायला लागली की तिकिटविक्री वाढते, आणि थांबा टिकवायला तोच कागद उपयोगी पडतो.

बातमी कशी वाचायची?

'स्टेशनला निधी मंजूर' ही ओळ चार वेगवेगळ्या टप्प्यांवर छापता येते. मंत्री सभेत बोलले की एकदा. 'तत्त्वतः मान्यता' मिळाली की एकदा. तिचा अर्थ कल्पना पटली, पैसा हललेला नाही. शासन निर्णय निघाला की एकदा. त्यात लेखाशीर्ष म्हणजे पैसा कोणत्या खात्यातून जाणार त्याचा क्रमांक आहे का ते पाहावं; तो नसेल तर पुढच्या पुरवणी मागण्यांकडे डोळे लावून बसायचं. आणि प्रत्यक्ष रक्कम रेल्वेकडे वर्ग झाली की एकदा, पण ही चौथी बातमी बहुतेक वेळा छापलीच जात नाही.

नव्या मार्गाच्या बाबतीत याच्याही अलीकडे 'सर्वेक्षणाला मंजुरी' नावाची पायरी असते. सर्वेक्षण म्हणजे मार्ग नव्हे. परतावा किती येईल याचा अंदाज त्यात निघतो, आणि तो कमी निघाला की मार्ग तिथेच थांबतो किंवा राज्याच्या वाट्याची अट घालून पुढे सरकतो. कराड-चिपळूण मार्गाची चर्चा इतकी वर्षं झाली, मार्ग मात्र अजून कागदावरच आहे.